दुसरी भाषा डिमेन्शिया साडेचार वर्षं लांबवते का? एका गाजलेल्या पेपरची फोड

पेट पास झाली की पुढचा घाट म्हणजे सिनॉप्सिस. भाषा आणि मेंदू हा विषय घेणाऱ्यांच्या मसुद्यात एक वाक्य हमखास सापडतं: "द्विभाषिक व्यक्तींना डिमेन्शिया चार ते पाच वर्षे उशिरा होतो, हे सिद्ध झाले आहे." पुढे कंसात एक आडनाव आणि २०१३ हे साल. पेपर उघडून वाचलेला असो वा नसो, वाक्य तेच.

आज तो पेपर नीट उघडून बघू. कारण साधं आहे. या वाक्यावर तुम्ही आयुष्यातली चार-पाच वर्षं लावणार आहात. शिवाय हे वाक्य आता विद्यापीठाबाहेरही फिरतं. पोराला कोणत्या माध्यमात घालायचं, आजोबांना मोबाईलवर नवी भाषा शिकवावी का, असे प्रश्न लोक यावरून सोडवायला लागलेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. पेपर चांगला आहे, त्या वेळी उपलब्ध असलेल्या पुराव्यात तर फारच चांगला. पण त्यातून "सिद्ध झाले" हा शब्द निघत नाही. का निघत नाही, हे समजलं तर तुम्हाला कुठलाही पेपर वाचता येईल.

पेपर काय म्हणतो

डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१३ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या जर्नलमध्ये आला. काम हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधलं. तिथल्या क्लिनिकमध्ये डिमेन्शियाचं निदान झालेल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यातले ३९१ द्विभाषिक, म्हणजे दोन किंवा अधिक भाषा वापरणारे. आजार सुरू होण्याचं सरासरी वय एकभाषिकांत ६१.१ वर्षं, द्विभाषिकांत ६५.६ वर्षं. फरक साडेचार वर्षांचा.

आणखी दोन निष्कर्ष लक्षात ठेवा. एक, शाळेत कधीच न गेलेल्या रुग्णांमध्येही फरक दिसला, उलट तिथे तो सुमारे ६ वर्षांचा होता. दोन, तीन-चार भाषा येणाऱ्यांना दोन भाषावाल्यांपेक्षा जास्तीचा फायदा दिसला नाही.

हैदराबादच का महत्त्वाचं

याआधी २००७ मध्ये कॅनडातल्या टोरांटोमध्ये एलेन बियालिस्टॉक, फर्गस क्रेक आणि मॉरिस फ्रीडमन यांनी १८४ रुग्णांवर असाच अभ्यास केला होता. फरक ४.१ वर्षांचा निघाला. पण त्यावर एक आक्षेप लगेच आला. टोरांटोतले द्विभाषिक बहुतांशी बाहेरून आलेले. देश सोडून नव्या ठिकाणी बस्तान बसवणारा माणूस आधीच तब्येतीने, जिद्दीने वेगळा असू शकतो. मग फरक भाषेचा की स्थलांतराचा?

हैदराबादमध्ये हा गुंता बराच सुटतो. तिथे तेलुगू, दख्खनी उर्दू, हिंदी, इंग्रजी या भाषा पिढ्यानपिढ्या एकाच गल्लीत नांदतात. दुसरी भाषा यायला कुठून यावं लागत नाही. आणि निरक्षर गटातला निष्कर्ष दुसरा गुंता सोडवतो. "दोन भाषा येतात म्हणजे शिकलेला असणार, आणि शिक्षणानेच मेंदू टिकतो" हा आक्षेप शाळेत न गेलेल्यांना लागू होत नाही. युरोप-अमेरिकेत असा गट मिळणं जवळपास अशक्य. आपल्याकडची परिस्थिती हीच आपली प्रयोगशाळा, हे या टीमने ओळखलं. दाद द्यायलाच हवी.

अशी दृष्टी आपल्याकडे आधीही होती. अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कोंध समाजात काम केलं. तिथे काही कोंध कुई आणि ओडिया दोन्ही बोलतात, तर काही गावांत कुई सुटून फक्त ओडिया उरली आहे. म्हणजे समाज तोच, राहणीमान जवळपास तेच, फरक फक्त भाषांचा. एवढी स्वच्छ तुलना पैसे ओतूनही मिळत नाही. विषय शोधताना परदेशी पेपरची भारतीय नक्कल करण्याआधी असं काहीतरी आपल्या जिल्ह्यात आहे का, ते बघा.

आता कमकुवत बाजू

या पेपरमधली सगळी माणसं आजारी आहेत. निरोगी कोणीच नाही. म्हणजे "द्विभाषिकांपैकी किती जणांना डिमेन्शिया होतो" हे हा पेपर सांगतच नाही. तो सांगतो ते एवढंच: ज्यांना झाला आणि जे क्लिनिकपर्यंत पोचले, त्यांचं सरासरी वय काय होतं. दोन्ही वाक्यं सारखी वाटतात. पण कागद-पेन्सिल घ्या आणि हा हिशोब करून बघा. यातले आकडे माझे काल्पनिक आहेत, फक्त गणित समजण्यासाठी.

समजा दोन वस्त्या आहेत. दोन्हीकडे धोका अगदी सारखा: साठीच्या १०० माणसांत १ जण आजारी पडतो, पंचाहत्तरीच्या १०० माणसांत ५ जण. भाषेमुळे कुणालाही कसलंही संरक्षण नाही.

पहिल्या वस्तीत साठीचे १,००० लोक आहेत आणि पंचाहत्तरीचेही १,०००. म्हणजे रुग्ण झाले १० आणि ५०. रुग्णांचं सरासरी वय काढा: ७२.५ वर्षं.

दुसऱ्या वस्तीत साठीचे १,००० आहेत, पण पंचाहत्तरी गाठलेले फक्त २००. कष्टाची कामं, दवाखाना दूर, माणसं लवकर जातात. रुग्ण झाले १० आणि १०. सरासरी वय ६७.५ वर्षं.

फरक ५ वर्षांचा! आणि संरक्षण शून्य. पहिल्या वस्तीला "द्विभाषिक" अशी पाटी लावली असती, तर "दुसरी भाषा आजार पाच वर्षं लांबवते" असा पेपर छापता आला असता. खरं तर फरक फक्त एवढाच होता, की एका वस्तीत म्हातारी माणसं जास्त होती.

हैदराबादमध्ये नेमकं हेच झालं, असं मी म्हणत नाही. लेखकांनी शिक्षण, लिंग, व्यवसाय, शहरी की ग्रामीण, हे घटक विश्लेषणात धरले आहेत. यांचा आयुर्मानाशी संबंध असतो, त्यामुळे माझ्या आक्षेपातला काही भाग तिथे निघून जातो. पण पूर्ण जात नाही. फक्त रुग्णांच्या नोंदी घेऊन केलेल्या अभ्यासात तो पूर्ण जाऊ शकतच नाही, कारण ज्या लोकसंख्येतून रुग्ण आले तिची वयरचना हातात नसते. निरक्षर गटातल्या ६ वर्षांनाही हेच लागू. शिक्षणाचा प्रश्न तिथे मिटला, वयरचनेचा नाही.

दुसरी गोष्ट. आजार कधी सुरू झाला हे ठरतं घरच्यांच्या आठवणीवरून. आता आपल्या भागाचा विचार करा. खापरखेड्यातल्या घरात आजी एकच गोष्ट तीनदा सांगायला लागली, की पहिलं वाक्य काय येतं? "म्हातारपन आहे, होऊन राहिलं असन." वीसेक किलोमीटरवर नागपूर, तिथे न्यूरॉलॉजिस्ट आहेत, पण आजीला तिकडे न्यायचं ठरतं ती रस्ता चुकली किंवा गॅस चालू ठेवून झोपली की मगच. उलट, बाजारात चार जणांशी दोन भाषांत व्यवहार करणाऱ्या माणसाची चूक दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात येते. म्हणजे "पहिलं लक्षण" ही तारीख मेंदूइतकीच घराचीही असते. ही चूक फरक वाढवेल की कमी करेल, हे अभ्यासागणिक बदलेल. पण ती असते, आणि सिनॉप्सिसमध्ये तिचं नाव घ्यावं लागतं.

माणसांच्या मागे-मागे गेलं तर?

या आक्षेपांवरचा उपाय सोपा आहे, फक्त महाग आहे. निरोगी म्हातारी माणसं घ्या, आज त्यांच्या भाषा मोजा, आणि वर्षानुवर्षं बघत राहा कोण आजारी पडतं. याला प्रॉस्पेक्टिव्ह अभ्यास म्हणतात. न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटनमध्ये लॉरा झाहोडनी आणि सहकाऱ्यांनी १,०६७ स्पॅनिश भाषिक स्थलांतरितांवर हे केलं, काहींच्या बाबतीत २३ वर्षांपर्यंत. पेपर २०१४ चा. सुरुवातीच्या चाचण्यांत दोन भाषा येणारे पुढे होते. पण पुढे जाऊन त्यांची घसरण हळू झाली नाही, आणि डिमेन्शियाही कमी झाला नाही.

२०१७ मध्ये नहीद मुकादम आणि सहकाऱ्यांनी असे प्रॉस्पेक्टिव्ह अभ्यास एकत्र करून पाहिले. धोका कमी झालेला दिसला नाही. २०२० च्या एका मेटा-अॅनालिसिसने तडजोडीची मांडणी केली: लक्षणं उशिरा दिसतात, पण आजार होणाऱ्यांचं प्रमाण तेवढंच राहतं.

इथे थांबा. ही मांडणी ऐकायला समंजस वाटते, पण तिला एक प्रश्न विचारा. लक्षणं खरोखर चार वर्षं पुढे ढकलली जात असतील, तर सत्तरीच्या दोन गटांवर दहा वर्षं नजर ठेवल्यावर त्या दहा वर्षांत एका गटात रुग्ण कमी दिसायला नकोत का? दिसायला हवेत. मग दोन प्रकारच्या अभ्यासांची उत्तरं वेगळी येतात, याचा अर्थ एक तर परिणाम फार छोटा आहे, किंवा "द्विभाषिक" शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे, किंवा वरच्या दोन वस्त्यांसारखं काहीतरी घडतंय. हा प्रश्न अजून उघडा आहे. विषय हवा असेल तर इथे आहे.

बाजू दुसरीही मांडायला हवी. थॉमस बाक हे हैदराबादच्या पेपरचे एक सहलेखक. त्यांनी २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या लोथियन गटातल्या ८५३ जणांचा अभ्यास मांडला. हे सगळे १९३६ चे जन्म. १९४७ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांची बुद्धिचाचणी झालेली होती आणि सत्तरीनंतर पुन्हा झाली. लहानपणीची बुद्धी हिशोबात धरूनही, दुसरी भाषा येणारे म्हातारपणी अपेक्षेपेक्षा बरे निघाले. "हुशार पोरंच दुसरी भाषा शिकतात" या आक्षेपाला आजवर मिळालेलं हे सगळ्यात नेमकं उत्तर. फक्त लक्षात घ्या, इथे मोजली गेली ती चाचणीतली कामगिरी, डिमेन्शिया नाही.

आणि अल्लादी यांच्याच टीमचा २०१६ चा पक्षाघातावरचा पेपर मला २०१३ च्या पेपरपेक्षा जास्त पटतो. ६०८ रुग्ण. पक्षाघातानंतर आकलनशक्ती शाबूत राहिलेले द्विभाषिकांत ४०.५ टक्के, एकभाषिकांत १९.६ टक्के. पण अफेजिया, म्हणजे वाचा जाण्याचं प्रमाण, दोन्ही गटांत सारखंच. हा न दिसलेला फरकच बोलका आहे. द्विभाषिक गट नुसताच सुखवस्तू असता, तर तो सगळीकडेच पुढे दिसायला हवा होता. जिथे फरक नाही ते रकानेही वाचा, अनेकदा तिथेच पेपरचा कस लागतो.

मेंदूचे फोटो बघून भुलू नका

दुसरा गट एमआरआयवाल्यांचा. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये आंद्रेआ मेकेली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की द्विभाषिकांत डाव्या इन्फिरियर परायटल भागात ग्रे मॅटरची घनता जास्त असते. भाषा जितकी लवकर आणि चांगली येते तितकी जास्त. पेपर अवघ्या पानभराचा, पण त्यावरून "मेंदू वाढतो" म्हणणारे लेख शेकडो. तो एका वेळचा फोटो आहे. भाषेने मेंदू बदलला, की तसा मेंदू असणाऱ्यांना भाषा लवकर आली, हे एका फोटोत कळत नाही. शिवाय ही घनता म्हणजे पेशींची मोजदाद नव्हे. स्कॅनमधल्या संकेतावरून सॉफ्टवेअरने काढलेलं ते एक माप आहे.

त्यापेक्षा २०१२ चा योहान मॉर्टेन्सन आणि सहकाऱ्यांचा स्वीडिश अभ्यास वाचा. लष्कराच्या दुभाषा अकादमीतले १४ विद्यार्थी अरबी, दारी किंवा रशियन भाषा नव्याने, अक्षरशः रात्रंदिवस शिकत होते. तुलनेला तेवढाच अभ्यास, पण वेगळ्या विषयाचा करणारे १७ जण. तीन महिन्यांच्या आधी आणि नंतर स्कॅन. भाषावाल्यांत हिप्पोकॅम्पस आणि डाव्या मेंदूतले काही भाग वाढलेले दिसले. माणसं मोजकीच, पण आधी-नंतर आणि तुलना गट दोन्ही आहेत. "दुसरी भाषा शिकल्याने मेंदू बदलतो" हे वाक्य लिहायचंच असेल, तर त्याला आधार हा घ्या.

मात्र "बदलतो" म्हणजे "सुधारतो" नाही. २००४ मध्येच ड्रॅगान्स्की आणि सहकाऱ्यांनी तीन चेंडू हवेत झेलायला शिकणाऱ्यांचे स्कॅन केले. तीन महिन्यांत मेंदूचे काही भाग वाढले, सराव सोडल्यावर पुन्हा आकसले. म्हणजे बदल ही मेंदूची रोजची सवय आहे. नवं काहीही शिका, काहीतरी हलणारच. त्या हलण्याचा चाळीस वर्षांनंतरच्या डिमेन्शियाशी संबंध जोडायचा तर मधल्या प्रत्येक पायरीला वेगळा पुरावा लागतो.

आणि छापून काय येतं?

२०१५ मध्ये अँजेला दे ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी या विषयावर परिषदांत मांडलेले शंभराहून थोडे अधिक गोषवारे गोळा केले आणि पुढे त्यातले किती छापले गेले ते पाहिलं. द्विभाषिकतेच्या फायद्याच्या बाजूने निकाल आलेले ६८ टक्के छापले गेले, पूर्ण विरोधात निकाल आलेले २९ टक्के. म्हणजे तुम्ही गूगल स्कॉलरवर जे वाचता, ते आधीच चाळणीतून आलेलं असतं. ढीग मोठा दिसतो म्हणून पुरावा मोठा, असं नसतं. २०२० मध्ये एमिली निकोल्स आणि सहकाऱ्यांनी ११,००० हून जास्त लोकांच्या चाचण्या पाहिल्या, तेव्हा नियंत्रणशक्तीचा सरसकट फायदा दिसला नाही.

आपल्याकडे करायचं तर

आता खापरखेड्यात हाच अभ्यास करायचा म्हणा. पहिलीच अडचण: एकभाषिक माणूस शोधून दाखवा! औष्णिक वीज केंद्र आणि आजूबाजूच्या कोळसा खाणी, त्यामुळे वेगवेगळ्या प्रांतांतले लोक इथे स्थिरावले. वर छिंदवाडा जवळ. १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी आणि मराठी दोन्ही चालणाऱ्या राज्याची राजधानी होती. भाजी मराठीत घेतली आणि भाव हिंदीत केला, तरी इथे कुणी वळून बघत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. "मी येऊन राहिलो" हे आपलं वाक्य घ्या. शब्द मराठी, साचा हिंदीच्या "आ रहा हूँ" शी जुळणारा. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडबद्दल जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये असंच दाखवलं होतं: मराठी, कन्नड, उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी राहून त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की शब्द बदलले की भाषा बदलते.

याचा मेंदूशी काय संबंध? द्विभाषिकतेचा फायदा सांगणारा मूळ सिद्धांत असा, की एक भाषा बोलताना दुसरी दाबून ठेवावी लागते आणि त्या व्यायामाने नियंत्रणशक्ती वाढते. पण डेव्हिड ग्रीन आणि जुबिन अबूतालेबी यांनी २०१३ मध्येच मांडलं, की भाषा जिथे वाक्यावाक्यात मिसळतात, तिथे दाबून ठेवण्याची गरज कमी पडते. म्हणजे घरी एक आणि ऑफिसात दुसरी भाषा बोलणारा माणूस आणि दोन्हींची खिचडी करून बोलणारा माणूस, हे सिद्धांतानुसारच दोन वेगळे प्रकार आहेत. पण प्रश्नावलीत दोघांच्याही पुढे टिक एकाच चौकोनात: "द्विभाषिक". जनगणनेतही तसंच, किती भाषा येतात ते विचारतात, कशा वापरता ते नाही.

म्हणून हैदराबादचा आकडा उचलून नागपूर जिल्ह्याला चिकटवता येत नाही. पण इथे "किती भाषा" ऐवजी "कोणती भाषा कुणाशी, कुठे, किती मिसळून" हे मोजणारी साधी, मराठीत तपासून घेतलेली प्रश्नावली तयार केली, तर तेवढंच काम एका पीएचडीला पुरेल. त्याला स्कॅनर लागत नाही. वही लागते आणि पाय लागतात.

तर मसुद्यात काय लिहाल?

"सिद्ध झाले आहे" खोडा. त्याऐवजी असं लिहा: रुग्णांच्या नोंदींवर आधारित काही अभ्यासांत, हैदराबादसह, द्विभाषिकांमध्ये डिमेन्शियाची सुरुवात सुमारे चार ते पाच वर्षं उशिरा नोंदवली गेली, माणसांचा पुढे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत मात्र धोका कमी झाल्याचं दिसलं नाही, ही तफावत का, हे अजून ठरलेलं नाही. वाक्य लांब झालं, पण व्हायव्हात तुम्हाला ते सोडून पळावं लागणार नाही.

आणि घरी कुणी विचारलंच, की आजोबांना नवी भाषा शिकवू का, तर सांगा: शिकू द्या, मजा येईल, चार माणसांशी बोलणं वाढेल. औषध म्हणून नको. आणि त्यांना विसरायला होत असेल तर आधी डॉक्टरकडे न्या, भाषेचं नंतर बघू.